पेव्ह डेटाबेस : घशातल्या पॅपिलोमावाल्या व्हायरससाठी वापरला, कसा वाटला ते सांगते

पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

पेव्ह म्हणजे पॅपिलोमाव्हायरस एपिस्टीम. अमेरिकेतल्या एनआयएआयडी या सरकारी संस्थेची फुकट वेबसाइट आहे, माणसांच्या आणि जनावरांच्या पॅपिलोमाव्हायरसचे जीनोम (अख्खा डीएनए) तिथे एका जागी, एकाच पद्धतीने जीन्सची नावं लावून ठेवलेत. लॉगिन नाही, पैसे नाहीत, "आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील" असला प्रकार नाही. २०१३ साली न्यूक्लिक ॲसिड्स रिसर्चमध्ये यावर पहिला पेपर आला आणि २०१७ ला मोठ्या अपडेटचा दुसरा. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय आणि रोजचं काम याच साइटवर चालतं, पण बहुतेक लोक हिच्याबद्दल बोलतात ते १६ आणि १८ नंबरसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवाल्या एचपीव्हीसाठी (ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस, नंबर म्हणजे त्याचा टाइप). माझे नंबर ६ आणि ११. हे दोघे कॅन्सरच्या गप्पांमध्ये "लो रिस्क" म्हणून बाजूला टाकले जातात, आणि ते ज्यांच्या घशात वाढतात त्यांना विचारा लो रिस्क म्हणजे काय ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस, आमच्याकडे सगळे आरआरपी म्हणतात. स्वरयंत्रावर, कधी खाली श्वासनलिकेत आणि क्वचित फुप्फुसापर्यंत फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या गाठी वाढतात. लहान मुलांत सुरुवात होते आवाज बसण्याने, मग श्वास घेताना आवाज, मग दम लागणं, आणि तोपर्यंत कितीतरी मुलं दम्याचा पंप घेत बसलेली असतात. आईच्या जननमार्गातून बाळंतपणात व्हायरस मिळतो असं मानतात. मोठेपणी सुरू होणारा प्रकारही आहे. उपचार म्हणजे मुख्यतः ऑपरेशन, मायक्रोडिब्रायडरने किंवा लेझरने गाठी काढायच्या, आणि त्या परत येतात, परत काढायच्या. नावातच रिकरंट आहे, सोय केलीये.

१९८२ साली स्वरयंत्रावरच्या अशाच गाठीतून (लॅरिंजियल पॅपिलोमा) ११ नंबरचा डीएनए क्लोन झाला, म्हणजे वेगळा काढून त्याच्या प्रती केल्या, गिसमान आणि त्सुर हाउझेन यांच्या गटाने केला, ज्यातल्या हाउझेनना पुढे २००८ ला नोबेल मिळालं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या माउंट्स, शाह आणि काशिमा यांनी मुलांच्या आणि मोठ्यांच्या दोन्ही प्रकारच्या गाठींमागे व्हायरस आहे हे दाखवलं. यातले शाह म्हणजे कीर्ती शाह, अमेरिकेला जायच्या आधी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, काम केलेले. हे आमच्या डिपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता पेव्ह कशासाठी लागतं. एकाच वॉर्डमध्ये दोन मुलं असतात, दोघांना ११ नंबर, एकाचं वर्षातून एखादं ऑपरेशन आणि दुसऱ्याला महिन्या-दीड महिन्याने आत न्यावं लागतं. मग ईएनटीवाले डॉक्टर विचारतात, व्हायरसमध्येच काही फरक आहे का? रास्त प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला आधी तुमच्याकडे एक धड संदर्भ पाहिजे की बाबा नॉर्मल म्हणजे काय, कुठलं जीन कुठे सुरू होतं, कुठे संपतं.

साइटवर ६ शोधलं की एचपीव्ही६रेफ असं नाव येतं, रेफ म्हणजे रेफरन्स. त्याच्या लोकस व्ह्यूमध्ये अख्खा जीनोम लागलेला दिसतो, ७९०२ बेस (डीएनएची अक्षरं), ११ चा ७९३१. जीन्स अशी, ई६, ई७, ई१, ई२, मग ई५, पुढे एल२ आणि एल१. इथेच पहिली मजेची गोष्ट दिसते, ६ आणि ११ मध्ये ई५ चे दोन भाग आहेत, ई५ए आणि ई५बी, १६ मध्ये असं नाही. शिवाय स्प्लाइस होऊन (आरएनएचे तुकडे कापून-जोडून) बनणारी ई१-ई४ आणि ई८-ई२ सारखी प्रोटीन्ससुद्धा जोडलेल्या तुकड्यांसकट दिली आहेत, हे फार मोठं काम आहे, कारण जेनबँकेतल्या (सिक्वेन्सचा खुला साठा) जुन्या नोंदींमध्ये ज्याने सिक्वेन्स टाकला त्याने त्याच्या मर्जीने जीन्स लावलेली असतात, कोणी ई४ लिहिलं, कोणी नाही, कोणी ई८ चं नावही काढलं नाही. पेव्हमध्ये सगळ्यांना एकच नियम. एकट्या या गोष्टीसाठी तीन स्टार.

चौथा स्टार यूआरआरसाठी. अपस्ट्रीम रेग्युलेटरी रीजन, काही पेपरांत एलसीआर लिहितात, एकच ते. एल१ संपल्यापासून ई६ सुरू होईपर्यंतचा सातशे-साडेसातशे बेसचा पट्टा, यातून एकही प्रोटीन बनत नाही, पण सोसायटीच्या मीटर रूममध्ये कोणी राहत नसलं तरी कुठल्या फ्लॅटला लाइट कधी जाणार ते तिथूनच ठरतं, तसं हे. आणि माझं प्रामाणिक मत असं की आरआरपीत व्हायरसच्या फरकांबद्दल काही शोधायचं असेल तर सगळ्यात आधी इथे बघा, एल१ मध्ये नंतर.

कारण सांगते. ई६ आणि ई७ ही गाठ वाढवणारी जीन्स. त्यांचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू करायचं बटण, या पट्ट्याच्या शेवटाला. पट्ट्यात चार ठिकाणी ई२ प्रोटीन बसायच्या जागा आहेत, ओळखायची खूण म्हणजे एसीसी, मग कुठलेही सहा बेस, मग जीजीटी. यातल्या दोन जागा प्रमोटरच्या टाटा बॉक्सला (प्रमोटरमधली एक ठरावीक खूण) अगदी चिकटून आहेत, तिथे ई२ बसलं की एसपी१ हे चालना देणारं प्रोटीन आणि टाटा बॉक्सवर बसणारं प्रोटीन या दोघांना जागाच उरत नाही आणि ई६-ई७ चं उत्पादन खाली येतं. म्हणजे व्हायरस स्वतःचाच ब्रेक स्वतः लावतो. वर आपल्या पेशीतली प्रोटीन्स वेगळीच, एपी-१, ऑक्ट-१, टीईएफ-१ वगैरे चालना देणारी, वायवाय१ दाबणारं, आणि ६ नंबरमध्ये सीडीपी नावाचं एक प्रोटीन कच्च्या, अजून पक्व न झालेल्या पेशींमध्ये प्रमोटर गप्प ठेवतं. पेशी पक्व होत वर सरकली की ही दडपणं काढली जातात. स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८३ लाच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दाखवलं होतं की गाठी नसलेल्या, दिसायला एकदम ठीक असलेल्या म्युकोसामध्येही (आतलं ओलं अस्तर) रुग्णाचा व्हायरस असतो. म्हणजे सर्जनने कितीही सफाईने काढलं तरी आजूबाजूला गप्प बसलेला डीएनए राहतोच, आणि तो गप्प का आणि बोलायला कधी लागतो हा सगळा प्रश्न या सातशे बेसवर येऊन थांबतो.

अजून एक, १६ आणि १८ मध्ये ई६ आणि ई७ एकाच प्रमोटरवरून निघतात आणि स्प्लाइसिंगने वाटणी होते. ६ आणि ११ मध्ये ई७ ला स्वतःचा वेगळा प्रमोटर आहे, तोही ई६ च्या जीनच्या आत बसलेला. त्यामुळे ई६ मधला एखादा साधा "सायलेंट" बदल, ज्याने अमिनो ॲसिड बदलत नाही, तो इथे नक्की सायलेंट आहे का हे दोनदा बघायला हवं. १६ वर शिकलेले लोक ६-११ वर आले की इथे हमखास अडखळतात.

पेव्हमध्ये ई१ आणि ई२ च्या जागा खुणा करून मिळतात, हे उत्तम. पेशीतल्या प्रोटीन्सच्या जागा मी पेपर वाचून वाचून माझ्या फाइलमध्ये हाताने लावल्या. ही साइटची चूक नाही, तो डेटाबेस सिक्वेन्सचा आहे, प्रयोगांचा नाही. पण नवीन आलेल्या एमएससीच्या पोरांना असं वाटतं की स्क्रीनवर दिसतंय तेवढंच रेग्युलेशन, तर तसं नाहीये.

आता तो कापलेला एक स्टार. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तशा साइटच्या हातातल्या नाहीत, तरी वापरणाऱ्याला सहन कराव्या लागतात.

पहिली, जीनोम गोल आहे आणि फाइल सरळ. कुठेतरी कापावाच लागतो, आणि जुन्या परंपरेने तो नेमका यूआरआरच्या मध्येच कापलाय. ई६ सुरू होतो १०२ ला, म्हणजे यूआरआरचा शेपटाकडचा भाग फाइलच्या सुरुवातीला आणि मोठा भाग फाइलच्या शेवटी, एल१ च्या नंतर. पीसीआरचे प्रायमर डिझाइन करताना, रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) रेफवर अलाइन करताना, सगळीकडे हे नडतं, कारण सॉफ्टवेअरला वाटतं ७९०२ नंतर जग संपलं. उपाय सोपा आहे, फास्टा (सिक्वेन्सची साधी फाइल) उतरवा आणि स्वतःच्या कॉपीत सुरुवात फिरवून ई१ मध्ये कुठेतरी आणा, यूआरआर सलग मिळतो. पण मग तुमचे आकडे पेव्हच्या आकड्यांशी जुळत नाहीत, तर परत मोजून लिहावे लागतात. करा आणि सहन करा.

दुसरी जास्त गंभीर. एचपीव्ही६रेफ म्हणजे ६बी, १९८३ साली पूर्ण वाचलेला जीनोम. त्या काळात तो मैलाचा दगड होता, वादच नाही. पण ६ नंबरमध्ये दोन वंशावळी आहेत, ए आणि बी, आणि ६बी नाव असूनही तो पडतो ए मध्ये (हा गोंधळ घालणाऱ्याला माझा नमस्कार). बी वंशावळीतल्या ६ए सारख्या जीनोममध्ये यूआरआर शंभरेक बेसने लांब आहे, अख्खा जीनोम आठ हजारांच्या आसपास जातो. आता तुमच्या पेशंटकडे बी वंशावळ असेल आणि तुम्ही रेफशी तुलना केलीत तर यूआरआरमध्ये भलं मोठं इन्सर्शन दिसणार आणि तुम्ही उड्या मारणार की सापडलं आजार बिघडण्याचं कारण! ते कारणबिरण काही नसतं, ती त्या वंशावळीची रोजची लांबी आहे. एका खासगी सिक्वेन्सिंग लॅबकडून, नाव घेत नाही, आम्हाला असाच रिपोर्ट आला होता, लाल अक्षरात "नॉव्हेल इन्सर्शन", खाली सही-शिक्का. आमच्या लॅबच्या मॅडमनी तो वाचला आणि पेनाने एकच शब्द लिहिला, "वंशावळ?".

म्हणून ६ साठी एक रेफ पुरत नाही. ए आणि बी दोन्हीचे जीनोम घ्या, पेशंटचा सिक्वेन्स आधी कुठल्या घरातला ते ठरवा, मग त्या घरातल्यांशी तुलना करा. ११ मध्ये हा त्रास कमी, तो एकंदर फार बदलत नाही, तिथे रेफवर काम भागतं.

आणि खरी गडबड पकडायची असेल तर ती वेगळीच असते, यूआरआरचं डुप्लिकेशन. बोशार्ट आणि त्सुर हाउझेन यांना १९८६ मध्ये बुश्के-लोवेनस्टाइन गाठींतल्या (जननेंद्रियांवरच्या अवाढव्य चामखिळी) ६ नंबरमध्ये नॉनकोडिंग भागाचा एक तुकडा लागोपाठ दोनदा आलेला दिसला होता. १९९२ मध्ये आरआरपीच्या एका पेशंटच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ६ए चा डीएनए सापडला, त्यातही अर्धवट डुप्लिकेशन. चालना देणारा भाग डबल झाला तर ई६-ई७ चा आवाज वाढेल हे तर्काला धरून आहे. आता इथे लक्ष द्या, कारण हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं नसतं. शॉर्ट रीड्स घेऊन पेव्हच्या रेफवर अलाइन केलं तर डुप्लिकेशन दिसतच नाही, दोन्ही तुकडे एकाच जागेवर जाऊन बसतात आणि तुम्हाला फक्त कव्हरेजमध्ये (एका जागेवर किती रीड्स बसले ते) एक टेकाड दिसतं, जे कोणी बघत नाही. त्यामुळे यूआरआर ओलांडून पीसीआर करा, जेलवर बँड अपेक्षेपेक्षा वर येतोय का बघा, किंवा लाँग रीड घ्या. डेटाबेस कितीही चांगला असला तरी जे तुम्ही चुकीच्या पद्धतीने वाचलंय ते तो दुरुस्त करून देणार नाही.

बाकी टूल्सबद्दल पटकन. ब्लास्ट (सिक्वेन्स जुळवून शोधणारं टूल) आहे, फक्त पॅपिलोमाव्हायरसच्याच साठ्यावर चालतो म्हणून निकाल स्वच्छ येतो, क्लोनिंग व्हेक्टर आणि पेटंटमधल्या सिक्वेन्सचा कचरा मध्ये येत नाही. एल१ टॅक्सॉनॉमी टूल नवा टाइप आहे का ते सांगतं, नियम असा की एल१ मध्ये १० टक्क्यांच्या वर फरक असेल तर नवा टाइप. आमच्या कामात त्याचा उपयोग शून्य, कारण आमचे फरक १-२ टक्क्यांच्या आतले. नवीन टाइपला अधिकृत नंबर हवा असेल तर तो देण्याचं काम स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्काचं आहे, पेव्हचं नाही, हे बरेच जण मिसळतात. सिमिलॅरिटी मॅट्रिक्स बघायला मस्त, ६ आणि ११ एकाच अल्फा-१० गटात १३, ४४, ७४ च्या शेजारी, तर १६ लांब अल्फा-९ मध्ये. लेक्चरला स्लाइड म्हणून छान दिसतं.

कामाचा दुसरा भाग मात्र साइटच्या बाहेर आहे. कुठला फरक खरंच काही करतो, हे सिक्वेन्स बघून कळत नाही. साओ पाउलोच्या गटाने आरआरपी रुग्णांमधल्या ६ नंबरच्या वेगवेगळ्या व्हेरिएंटचे एलसीआर काढून लुसिफरेजच्या (पेशीत चमक आणणारं जीन) आधी जोडले आणि प्रमोटरची ताकद सारखी नाही हे २०१५ ला दाखवलं. हंगेरीतल्या डेब्रेत्सेनच्या लोकांनी ११ नंबरवर कमी-जास्त तीव्रतेच्या मुलांचे जीनोम घेऊन असंच काम केलं. मला ही कामं आवडतात, पण डिशमधल्या पेशीत चमक जास्त आली म्हणून त्या मुलाचं पुढचं ऑपरेशन कधी लागेल हे सांगता येत नाही. पेशंट थोडे, प्रत्येकाचं वय वेगळं, सर्जनचा हात वेगळा. उलट २००८ च्या प्लॉस वनमधल्या एका अभ्यासात आजार किती त्रास देणार हे टाइपपेक्षा मुलाच्या वयावर जास्त अवलंबून दिसलं होतं, जितकं लहान वय तितका जास्त त्रास. म्हणून आईबाबा कोणी हे वाचत असतील तर विनंती, कोणी पैसे घेऊन "व्हायरसचा व्हेरिएंट तपासून भविष्य सांगतो" म्हणत असेल तर थांबा. टाइप ६ की ११ हे माहीत असणं ठीक, त्यापुढचं अजून आमच्यासारख्यांच्या वहीत आहे, ओपीडीत नाही.

लसीबद्दल पण लोक विचारतात म्हणून. फरक मुख्यतः यूआरआरमध्ये आणि ई५ च्या आसपास, एल१ प्रोटीन बऱ्यापैकी एकसारखं राहतं, आणि लस बनते एल१ पासूनच, त्यामुळे व्हेरिएंट बदलला म्हणून लस निकामी असं इथे होत नाही. फक्त लस ६ आणि ११ असलेली हवी. गार्डासिलमध्ये आहेत, आपल्या पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅकमध्येही आहेत, ६, ११, १६, १८ चारही, तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सर्व्हारिक्समध्ये फक्त १६ आणि १८, घशातल्या या गाठींसाठी तिचा उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात लसीकरणानंतर मुलांमधला आरआरपी २०१२ च्या लाखामागे ०.१६ वरून २०१६ मध्ये ०.०२ वर आला, आणि आमच्या लॅबच्या सगळ्या व्हेरिएंट-चर्चेपेक्षा हा एक आकडा भारी आहे हे मान्य करायला मला काही वाटत नाही. ज्यांना आजार झालाय त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पॅपझिमिऑस नावाचं इंजेक्शन मंजूर झालं, गोरिलाच्या ॲडिनोव्हायरसमध्ये ६ आणि ११ चे तुकडे भरून शरीराला ते ओळखायला शिकवतात, चाचणीत ३५ पैकी १८ जणांना पुढचं वर्षभर ऑपरेशन लागलं नाही. गोरिला कुठून आला मध्येच, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक जर्नल क्लबला येतो. माणसांत फिरणाऱ्या ॲडिनोव्हायरसविरुद्ध आपल्याकडे आधीच अँटिबॉडी असतात, गोरिलाच्या विरुद्ध सहसा नसतात, म्हणून.

तर घ्यावी का? फुकट आहे, घ्यायचं काय त्यात. वापरणाऱ्यांसाठी शेवटचं एवढंच, सीएसव्ही उतरवा, मोबाइलवर लोकस व्ह्यू उघडायच्या फंदात पडू नका, बोटाच्या टोकाने ई५ए आणि ई५बी वेगळे निवडणं माझ्याच्याने होत नाही. थिसिसमध्ये नुसतं "रेफरन्सशी तुलना केली" लिहू नका, जेनबँकचा ॲक्सेशन नंबर लिहा, ६बी चा एक्स००२०३, ११ चा एम१४११९, आणि तुम्ही सुरुवात फिरवली असेल तर कुठल्या बेसवर फिरवली तेही लिहा, नाहीतर तुमच्या नंतर येणारी ज्युनियर तुमचं म्यूटेशन शोधत बसेल.